वीस-पंचवीस हजारांचा बास आणि त्यावर खर्चायचे पुढचे पाच हजार: यामाहा टीआरबीएक्स १७४

बास गिटार घ्यायची आणि बजेट तीस हजारांच्या आत, एवढं ठरलं असेल तर आमचं मत सरळ आहे. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ घ्या, साधारण वीस-पंचवीस हजारांत मिळतो. उरलेले पाच हजार दुसऱ्या महाग मॉडेलवर घालवण्यापेक्षा याच गिटारच्या तारा, सेटअप (नेक, तारा वाजवण्याजोग्या जुळवून घेणं) आणि वायरिंगवर घाला. एवढं झाल्यावर ड्रम आणि कीबोर्डच्या साथीत तिचा आवाज फेंडर या नामांकित कंपनीच्या दीड-दोन लाखांच्या अमेरिकन बासशेजारी उघडा पडत नाही. हातात घेतल्यावर फरक जाणवतो, ऐकताना जाणवेलच असं नाही. त्यातला कोणता फरक पाच हजारांत भरून निघतो आणि कोणता निघत नाही, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आधी गिटारमध्ये काय मिळतं ते बघू. चार तारा, ३४ इंची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी), २४ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). नेक (गिटारची लांब मान) मेपलचा, बॉडीला स्क्रूने बसवलेला. फिंगरबोर्ड रोजवुड जातीच्या लाकडाचा. नेकच्या बाजूला दोन तुकड्यांत विभागलेला प्रिसिजन पद्धतीचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक), ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे अडकतात त्या भागाच्या) बाजूला जॅझ पद्धतीचा लांबट सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप. दोन व्हॉल्यूम, एक टोन, बस्स. प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) नाही, बॅटरी नाही. नवख्याला हे कमी वाटतं, कारण शेजारच्या गिटारवर पाच-पाच नॉब दिसतात. पण स्वस्त गिटारमधला प्रीअ‍ॅम्प हा बहुतेकदा तिचा सगळ्यात कच्चा भाग असतो. त्याची सूं ऐकू येते, आणि बॅटरी ऐन कार्यक्रमात संपते. अशा बिनबॅटरीच्या, पॅसिव्ह सर्किटमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि जे बिघडतं ते शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतं.

ही मांडणी नवी नाही. लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ चा, जॅझ बास १९६० चा, आणि प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा. ३४ इंची स्केल तेव्हापासून चालत आलं आहे. मुळात ते वाद्यच कारखान्यात भराभर बनावं, नेक खराब झाला तर चार स्क्रू काढून दुसरा बसवता यावा, या विचाराने घडवलेलं. म्हणून स्वस्त प्रतीतही त्याचा गाभा शाबूत राहतो. सतारीत किंवा व्हायोलिनमध्ये वाद्याची पोकळी आवाज घडवते, तिथे स्वस्त आणि महाग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भरीव बॉडीच्या बासमध्ये आवाजाचा मोठा हिस्सा तार, पिकअपचा प्रकार, पिकअपची जागा आणि वाजवणाऱ्याची बोटं मिळून ठरवतात. या चारपैकी दोन गोष्टी तुम्ही बदलू शकता आणि एक तुमच्याच हाताला जोडलेली आहे.

मग महाग गिटारचे पैसे जातात कुठे? फ्रेटच्या टोकांवर फिरलेल्या कानशीत, कोरड्या-दमट हवेत न हलणाऱ्या निवडक लाकडात, घट्ट फिरणाऱ्या ट्यूनरमध्ये (तारा ताणायच्या खुंट्या), हाडाच्या नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), पेटीत, ब्रँडमध्ये, आणि दुकानात येण्याआधी कुणीतरी त्यावर घालवलेल्या तासाभरात. यातला शेवटचा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच स्वस्त गिटारला मिळत नाही. इथेच घोडं पेंड खातं.

सेटअप

खोक्यातून काढलेल्या बासच्या तारा बहुतेक वेळा गरजेपेक्षा उंच असतात. कारखाना मुद्दाम उंच ठेवतो, म्हणजे प्रवासात नेक थोडा हलला तरी तार फ्रेटवर घासून खरखरत नाही. त्या उंचीवर बोटं दुखतात, पहिल्या तीन फ्रेटमधले सूर चढे लागतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. सेटअप करून देणारा जाणकार मिळाला तर हजार-दीड हजारांत काम होतं. पण तो शहरात सहज सापडत नसेल तर घरी करणंही शक्य आहे, फक्त क्रम मोडायचा नाही: आधी सूर लावा, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आणि शेवटी पिकअपची उंची. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. आधी उंची बसवून नंतर नेक सरळ केलात तर उंचीचं काम परत करावं लागतं.

नेकला किंचित बाक लागतोच. चार तारांचा मिळून साधारण ८० किलोचा ताण नेकवर असतो आणि तार थरथरताना मधोमध सर्वाधिक फुगते, तिला तिथे जागा हवी. मोजायचं असं: ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असतंच, ते घ्या. नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड फटीत जेमतेम सरकलं पाहिजे. अख्खं एटीएम कार्ड सहज जात असेल तर बाक जास्त आहे, आणि फटच नसेल तर नेक सपाट किंवा उलटा गेलाय.

नेकच्या आतल्या सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, आवळायचा नट हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असलेलं नेकचं टोक) छोट्या झाकणाखाली असतो. हेडस्टॉककडून बघत घड्याळाच्या दिशेने फिरवला की बाक कमी होतो, उलट फिरवला की वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग परत सूर लावा, दहा मिनिटं थांबा, परत मोजा. अ‍ॅलन की पूर्ण आत बसली आहे याची खात्री करूनच जोर लावा. अर्धवट बसलेल्या कीने षटकोनी खाच गोल होते आणि मग ती गिटार कायमची अडकते. नट फारच कडक लागला तर तिथेच थांबा, आधी पाव फेरा सैल करा, मग हळूच आवळा. तरीही कडकच असेल आणि गिटार नवी असेल तर दुकानात परत न्या. हा दोष वॉरंटीत दाखवण्यासारखा आहे, स्वतः सोडवण्यासारखा नाही.

उंचीसाठी सतराव्या फ्रेटवर पट्टी धरा. तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत ई तारेला २.४ मिलिमीटर आणि जी तारेला (सगळ्यात बारीक) २ मिलिमीटर ही फेंडरची स्वतःची शिफारस आहे आणि यामाहालाही ती चालते. हाताने जोरात वाजवणाऱ्यांनी ई थोडी वर ठेवावी. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली जो तुकडा असतो त्या सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात, दोन्ही सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसतं आणि ताल धरताना टणटण आवाज करतं.

खरखर कुठे होते त्यावरून कारण कळतं. पहिल्या चार फ्रेटमध्ये होत असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ झालाय. बाराव्याच्या पुढे होत असेल तर सॅडल खाली आहेत, किंवा नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे उंचवटा आलाय. एकाच फ्रेटवर होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उठलेला आहे. तो शोधायला जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेवा. कार्ड डुललं तर मधला फ्रेट उंच. कधी कधी तो फक्त खाचेतून वर आलेला असतो आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हलका ठोका दिला की बसतो. नाही बसला तर घासून घ्यावा लागतो आणि ते काम सराईत हाताचं आहे.

नटकडे सहसा कुणी बघत नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागदाच्या दोन-तीन पानांएवढी असावी. या किमतीत नटच्या खाचा उंच सापडणं नेहमीचं आहे. मग ई तारेवर पहिल्या फ्रेटचा एफ चढा लागतो, आणि सूर दाखवणारं ट्यूनर यंत्र खरं की कान खरा हेच कळेनासं होतं. खाच खोल करायला तारेच्या जाडीची कानस लागते. साध्या करवतीच्या पात्याने प्रयोग केला की खाच रुंद होते आणि तार त्यात झणझणते. खाच जास्तच खाली गेली तर खाण्याचा सोडा खाचेत भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाकायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं आणि नव्याने खाच पाडता येते. हा इलाज तात्पुरता म्हणून करतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

इंटोनेशन नव्या तारांवरच बघा, जुन्या तारा खोटं बोलतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे (नेकपासून लांब), उतरलेला असेल तर पुढे. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी सैल करा. शेवटी ई चं सॅडल सगळ्यात मागे आणि जी चं सगळ्यात पुढे, अशी तिरकी रांग दिसली पाहिजे. तशी दिसत नसेल तर कुठेतरी चुकलंय.

पिकअपसाठी शेवटचा फ्रेट दाबून धरा. ई च्या बाजूला तार आणि पिकअप यांच्यात ३ मिलिमीटर, जी च्या बाजूला अडीच. आवाज वाढावा म्हणून पिकअप वर चढवण्याचा मोह टाळा. चुंबक तारेला ओढतो, सूर लहरतो आणि वरच्या फ्रेटवर ट्यूनर स्थिर राहत नाही. कित्येकदा लोक याला इंटोनेशनचा दोष समजून ब्रिजशी झटत बसतात.

तारा

गिटारसोबत आलेल्या तारा आठवड्याभरात उतरवल्या तरी चालतील. ४५ ते १०० किंवा ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) डॅडारिओ किंवा अर्नी बॉलचा निकेल राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेला) संच दोन-तीन हजारांत येतो आणि या गिटारमध्ये एवढा मोठा बदल दुसऱ्या कोणत्याही दोन-तीन हजारांनी होत नाही. चढवताना एक गोष्ट लक्षात असू द्या: जादा तार कापायच्या आधी कापायच्या जागेच्या थोडं अलीकडे ती काटकोनात वाकवा. न वाकवता कापली तर बाहेरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून घसरतं आणि नवी कोरी तार मेल्यासारखी वाजते. ट्यूनरच्या खुंटीपासून तीन-चार इंच जास्त ठेवली की दोन-तीन वेढे बसतात, तेवढे पुरे. तारा चढल्यावर नटपाशी आणि सॅडलपाशी बोटाने दाबून त्यांना वळण द्या, मग सूर लवकर स्थिरावतो.

भावगीतं, जुनी हिंदी गाणी, गझल यांना साथ करणार असाल तर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं, गुळगुळीत वेटोळं असलेल्या) तारांचा विचार जरूर करा. महाग असतात, पण वर्षानुवर्षं चालतात, बोट घासल्याची चीं-चीं येत नाही आणि प्रिसिजन पिकअपवर तो गोल, दबका ठोका देतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमरसनचा बास ऐकला असेल तर तो १९६२ च्या प्रिसिजनवरच्या फ्लॅटवाउंड तारांचाच आवाज. या तारा सहसा जास्त ताणाच्या असतात, त्यामुळे चढवल्यावर नेकचा बाक परत मोजावा लागतो. स्लॅप (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) शिकायचं असेल तर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आवाज

दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की मधल्या पट्टीचा आवाज थोडा बसतो, कारण दोन पिकअप तारेच्या वेगवेगळ्या जागांवरून ऐकतात आणि काही स्वर एकमेकांना खातात. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज गोड वाटतो. मंडळाच्या कार्यक्रमात हाच आवाज गायब होतो. तिथे पुढचा (नेककडचा) पिकअप पूर्ण आणि मागचा (ब्रिजकडचा) तीन-चारवर ठेवा. मागचा एकटा वाजवला की करकरीत, नाकातला सूर मिळतो. तो सोलोला चांगला, पण सिंगल कॉइल असल्यामुळे त्यात ५० हर्ट्‌झचा गुंजारव येणारच. दोन लाखांच्या जॅझ बासमध्येही एकट्या पिकअपवर तो येतो. फरक एवढाच, की जॅझ बासवर दोन्ही पूर्ण उघडले की तो नाहीसा होतो. इथे पुढचा पिकअप स्वतःपुरता शांत आहे, मागच्याचा गुंजारव तो खोडत नाही.

मागचं झाकण उघडून पोकळीला तांब्याची चिकट टेप लावली, तिचे जोड सोल्डर केले आणि ती अर्थला जोडली, तर ट्यूबलाइट, डिमर आणि मोबाइलची झणझण बरीच कमी होते. टेप, सोल्डर, चांगला जॅक आणि टोनच्या नॉबसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हे सगळं एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलं तर काहीशे रुपयांत जमतं. सिंगल कॉइलचा मूळ गुंजारव टेपने जात नाही, त्यासाठी त्याच मापाचा हम-कॅन्सलिंग (गुंजारव खोडणारा) पिकअप बसवावा लागतो. तो खर्च पहिल्या वर्षी करू नये. जॅक मात्र लवकर बदलावा. स्वस्त जॅकची पकड सैल होते आणि केबल हलली की कडकड येते.

तारांना हात लावल्यावर गुंजारव कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ तार ठीक आहे. वाढत असेल तर ती तुटली आहे किंवा उलट जोडली आहे. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मांडवातल्या जोडणीत अर्थिंग नसणं हा रोजचा प्रकार आहे. बासच्या तारा तुमच्या हातात आणि ओठ माइकला लागले की दोन वेगळ्या सर्किटमधला करंट अंगातून जातो. अ‍ॅम्पची तिसरी पिन कधीही कापू नका, टू-पिन जुगाड लावू नका, आणि गाण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर साउंडवाल्याला बोलवा, तोवर माइकपासून लांब राहा.

नाशिकची हवा

नाशिकची हवा लाकडाची परीक्षा घेते. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकलेला कोरडा उन्हाळा, जूनपासून चार महिने दमट पावसाळा, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी उतरतो तेव्हाची कोरडी थंडी. कोरड्या दिवसांत फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेला बाहेर डोकावतात. हात वर-खाली फिरवताना ओरखडे येऊ लागले तर हेच कारण. बारीक कानशीने टोकं तिरकी घासून घ्या, आणि वर्षातून दोनदा फिंगरबोर्डवर लेमन ऑइलचे थोडे थेंब चोळून पुसा. हे रोजवुडसाठी. वार्निश केलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डवर तेल नको.

पावसाळ्यात नेक नक्की कोणत्या दिशेला जाईल हे प्रत्येक लाकडाचं वेगळं असतं. म्हणून अंदाजाने ट्रस रॉड फिरवू नका, जूनच्या शेवटी आणि पुन्हा नोव्हेंबरात मोजून बघा. या गिटारला वर्षातून दोनदा पाव-पाव फेरा लागला तर ते तिचं वैगुण्य समजू नये. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसा. आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका. त्या उष्णतेने नट आणि फिंगरबोर्डचा डिंक सुटलेला बघायला मिळतो.

घेताना

वाद्यांच्या दुकानात अकूस्टिकच्या रांगा आणि बास एखाद-दुसरा, असं चित्र असतं. म्हणून आधी फोन करून हे मॉडेल प्रत्यक्ष ठेवलं आहे का ते विचारा. जमलं तर एक दिवस पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठा. सीएसएमटीपासून धोबी तलाव चालत जाण्यासारखं आहे, तिथे फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात दोन-तीन मॉडेल शेजारी धरून बघता येतात. एकाच मॉडेलच्या दोन प्रती असतील तर दोन्ही वाजवा. या किमतीत मॉडेलपेक्षा प्रत महत्त्वाची ठरते.

दुकानात ट्यूनर सोबत न्या. ब्रिजकडून हेडस्टॉककडे नेकच्या कडेवरून नजर टाका. पिळवटलेला नेक लगेच दिसतो, आणि पीळ ट्रस रॉडने निघत नाही. तसली गिटार फुकट मिळाली तरी नको. मग चार तारा, चोवीस फ्रेट, एकेक सूर वाजवून तो पूर्ण विझेपर्यंत ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर मरतो. हा डेड स्पॉट महागड्या फेंडरमध्येही आढळतो, पण तो किती ठळक आहे ते प्रत्येक गिटारचं वेगळं असतं. तिन्ही नॉब फिरवून कुरकुर येते का बघा, प्लग हलवून बघा, पट्टा अडकवून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकत असेल तर तासाभराच्या कार्यक्रमात डावा हात आणि खांदा दोन्ही भरून येतात. टीआरबीएक्सचा वरचा शिंगासारखा भाग लांब असल्यामुळे तोल बऱ्यापैकी सांभाळला जातो. चामड्याचा रुंद पट्टा घेतला तर आणखी बरं, नायलॉनचा खांद्यावरून घसरतो.

ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि पक्कं बिल जपून ठेवा. आल्या आल्या सेटअप करू नका, एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या.

दुसरे पर्याय

स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड, १९८२ पासूनचा. त्यांची अ‍ॅफिनिटी मालिका याच पट्ट्यात येते, आणि प्रिसिजन-जॅझ पिकअपची तीच जोडी तिथेही मिळते. दिसायला फेंडर, हातात फेंडरची ठेवण. मात्र फ्रेटच्या कडांचं काम आमच्या मते यामाहाचं अधिक एकसारखं असतं. आयबनेझ जीएसआर २०० चा नेक बारीक, लहान हातांना आणि सहा तारांच्या गिटारवरून येणाऱ्यांना लगेच रुळतो. त्यात बेस वाढवणारं अ‍ॅक्टिव्ह सर्किट आहे, म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी आली. प्लग गिटारमध्ये तसाच ठेवला की ती वापराविना संपते. कोर्टची अ‍ॅक्शन मालिका नावाने कमी माहीत असली तरी कारागिरीत कमी नाही. कोर्टचा इंडोनेशियातला कारखाना दुसऱ्या मोठ्या ब्रँडच्या गिटारही बनवतो. हाताला ती चांगली वाटली तर बिनधास्त घ्या.

बजेट दुप्पट असेल तर चित्र बदलतं. मग स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका किंवा यामाहाचाच टीआरबीएक्स ३०४ बघावा. क्लासिक व्हाइबचे अल्निको चुंबकाचे पिकअप आणि नेकचं फिनिश खरोखर वरच्या दर्जाचं आहे. पण दहा-बारा हजारांच्या बिननावाच्या बासकडे वळू नका. तिथे पीळ पडलेले नेक, न फिरणारे ट्रस रॉड आणि सूर न धरणारे ट्यूनर हे सगळं एकत्र भेटतं. त्यावर केलेला खर्च परत मिळत नाही.

अ‍ॅम्प आणि मांडव

गिटार एवढ्या मन लावून निवडायची आणि मग सहा तारांच्या गिटारच्या दहा वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये खुपसायची, हे होऊ नये. मोकळी ई तार ४१ हर्ट्‌झची. आठ इंची स्पीकर ती नीट देऊच शकत नाही, कान ८२ आणि १२३ हर्ट्‌झच्या स्वरांवरून तिचा अंदाज बांधतो. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवर बेसचा नॉब चढवून उपयोग नाही, स्पीकर फक्त फडफडतो. बेस मध्यावर ठेवा आणि मिड वाढवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना छोट्या अ‍ॅम्पपेक्षा हेडफोनवर सराव जास्त उपयोगी पडेल.

मंडळाच्या कार्यक्रमात बास थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावतात आणि आवाज बोथट येतो. दोष गिटारचा नसतो. पॅसिव्ह पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट हवा असतो, लाइन इनपुट काही हजार ओहमचा असतो, त्यामुळे वरचे स्वर गळून पडतात. मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर जुळवून देणारी छोटी पेटी) लावा, किंवा मिक्सरवर हाय-झेड लिहिलेलं बटण असेल तर ते दाबा. एवढ्या एका गोष्टीने गिटार बदलल्यासारखं वाटतं.

आणि नाशिकमध्ये ढोल आलाच. ढोलाचा घुमारा आणि बासच्या खालच्या दोन तारा एकाच पट्ट्यात येतात, तिथे आवाज वाढवून जिंकता येत नाही. त्या तुकड्यात एक सप्तक वर, डी आणि जी तारांवर वाजवा, टोन उघडा ठेवा. कीबोर्डवाले डाव्या हाताने बास धरत असतील तर त्यांना आधीच सांगा की डावा हात वर घ्या, नाहीतर दोघंही चिखलात जातात.

जिथे यामाहा कमी पडतो

ब्रिज वाकवलेल्या पत्र्याचा आहे. काम करतो, पण सॅडलचे स्क्रू घामाने लवकर गंजतात, त्यांना अधूनमधून बारीक तेलाचा थेंब लागतो. ट्यूनर दिवसभर सूर धरतात, पण महाग गिटारच्या खुंट्यांसारखे लोण्यागत फिरत नाहीत. नेकचं फिनिश पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटावं असं नाही. स्टुडिओत, एकट्या बासवर, चांगल्या स्पीकरवर ऐकलं तर अमेरिकन प्रिसिजनच्या सुराला जी भरीव धार असते ती इथे थोडी कमी भरते. पिकअप बदलले तर हा फरक बराच घटतो, पण मग खर्च क्लासिक व्हाइबच्या जवळ जातो आणि ते गणित जमत नाही. पुन्हा विकताना फेंडरसारखी किंमतही येत नाही.

पाच तारांची गरज असेल तर हे मॉडेल सोडा. खालची बी तार नेक आणि ब्रिज दोन्हींची कसोटी घेते, आणि स्वस्त गिटारवर ती दोरीसारखी लुळी वाजते. तिथे टीआरबीएक्स ३०५ पासून सुरुवात करावी, आणि दुकानात बाकी काही वाजवण्याआधी बी तारेवर पाचवा फ्रेट दाबून तो ई मोकळ्या ई शी ताडून बघावा.